हापूसची लाळ

कुत्र्याच्या लाळेचे प्रकार ज्याने स्वतःच्या उशीवर पाहिलेले नाहीत, त्याने मला प्राणिप्रेम शिकवायला येऊ नये. एक लाळ असते पातळ, पाणी प्यायल्यावरची. ती दाराच्या पायपुसण्यापासून देवघरापर्यंत ठिबकत जाते. दुसरी तारेसारखी, तिच्यावर दोन टॉवेल वाळत घातले तरी तुटणार नाही. तिसरी फेसाची, धावून आल्यावरची, ती कुत्र्याने मान झटकली की थेट भिंतीवरच्या कालनिर्णयावर जाऊन बसते आणि एकादशी पुसून टाकते. आणि चौथी जेवणाच्या वेळची. ती जबड्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम निघते, दोन्हीकडे सारख्या लांबीची, जणू ओळंबा धरून सोडलीय, आणि खाली पडत म्हणून नाही. लोंबत राहते. माणूस घास तोंडात घालतो, चावतो, गिळतो, तरी ती लोंबतेच आहे. माझं विशीतलं निम्मं जेवण मी या चौथ्या लाळेकडे पाठ करून जेवले. इमारतीतल्या बाकी मुली त्या वयात कुणाकुणाला मिस्ड कॉल द्यायच्या. माझ्या हातात पोछा असायचा.

हे ध्यान घरात आणलं माझ्या दादाने. दुधावरच्या सायीच्या रंगाचं लॅब्रेडॉरचं पिल्लू, बुटाच्या खोक्यात घालून. "एकदम शांत जात आहे आई, फॅमिली डॉग," असं सांगितलं, आणि वर्ष सरायच्या आत नोकरी लागली म्हणून स्वतः बंगळूरला चालता झाला. राहिलो आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. आणि विरार पूर्वेला, चंदनसारला, दुसऱ्या मजल्यावर, एका हॉलच्या आणि एका बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसाला एका मध्यम आकाराच्या गादीला पुरतील इतके केस गाळणारा तो. त्याचं नाव हापूस. आईचं माहेर देवगडचं, त्यामुळे रंग बघून नाव तिनेच ठेवलं होतं, पिल्लू असताना, प्रेमाच्या भरात. पुढे त्याने खऱ्या हापूसची अख्खी पेटी गवतासकट, बाठ्यांसकट आणि पेटीच्या दोन फळ्यांसकट खाल्ली, तेव्हा तिला नाव बदलायचं होतं, पण तोवर त्याला ते कळायला लागलं होतं. म्हणजे असं आमचं मत. तो कुठल्याही हाकेला येत असे, फक्त हातात खायचं पाहिजे.

काय खाल्लं नाही त्याने! बाबांचे मोजे खाल्ले, ते तर कुठलाही कुत्रा खातो. याने माझं कॉलेजचं ओळखपत्र खाल्लं, उटण्याची वडी खाल्ली आणि फेस ओकत जिन्यावरून चार मजले धावला, शेजारणीच्या कवळीचा वरचा भाग पळवला आणि तो तोंडात बसवून घरी आला. यावर कुणाचा विश्वास बसत नाही, मी आग्रहही करत नाही. पण आमच्या दारात मी त्याला मोत्यासारख्या दातांनी हसताना पाहिलंय आणि ते विसरायला मला एक जन्म पुरायचा नाही. वरणात केस, दह्यात केस, चहावर साय म्हणून काढायला जावं तर तो केस. बाहेर फिरायला नेलं की मेलेली घूस, सुकलेलं शेण, मासळीवालीच्या टोपलीखालचं पाणी, यातलं जे सर्वांत घाण असेल त्यात पाठ घासून यायचं आणि मग बेडरूममध्ये माझ्या उशीवर डोकं ठेवायचं. सगळ्यांत चीड यायची ती याची, की त्यानंतर तो समाधानाने उसासा टाकायचा. आता माझी लेक म्हणते, आई तुला त्याचा लळा होता. असेल. मला कळला नाही, वासामुळे.

या सगळ्या धिंगाण्यात दिवसातून एक वेळ अशी यायची की हापूस दगडासारखा स्तब्ध बसायचा, आणि ती वेळ म्हणजे बाबांचं रात्रीचं जेवण. बाबा मुंबईच्या एका कचेरीत नकाशे काढायचे, दिवसभर उंच स्टुलावर बसायचे, त्यामुळे घरी आल्यावर त्यांना खुर्चीचा तिटकारा. टेबल होतं, पण त्यावर इस्त्रीचे कपडे. बाबा खाली पाटावर बसत. समोर ताट, उजव्या हाताला तांब्या. बाबांच्या वडिलांनी त्यांना लावलेली शिस्त अशी की ताट वाढून झालं की उजव्या तळव्यात पाणी घ्यायचं, हात ताटावर उचलायचा, ताटाभोवती पाणी फिरवायचं, ताटाबाहेर भाताची चार शितं मांडायची, आणि मगच पहिला घास. बांगडा असो, बोंबील असो, नाहीतर चतुर्थीचं पुरण. आई म्हणायची, "मासळीच्या ताटाभोवती कसलं पाणी फिरवता?" तर बाबा म्हणायचे, "पाणी ताटाभोवती फिरतं, मासळीभोवती नाही." बाबा आठवड्यातून साधारण एवढंच बोलत.

तर ती चार शितं हापूसची. पिल्लू असताना एकदा त्याने ती चाटली, आई ओरडली, "देवाचा घास कुत्र्याला देता?" आणि बाबांनी कोपऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीकडे नुसती मान वळवली. तिथे देवाच्या पायाशी चार कुत्री बसलेली. आई आत निघून गेली. पण बाबांनी पुढे एक केलं, जे कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, अंगच्या चिकटपणातून: हापूस बसल्याशिवाय पाणी हातात घ्यायचं नाही. तो भुंकला की थांबायचे. तो ताटात नाक घालायला आला की ताट उचलून मांडीवर घेऊन थांबायचे. आमटी गार व्हायची, तळलेला मासा मऊ पडायचा, आई आतून भांडी आपटायची, बाबा आपले थांबलेले. महिनाभरात हापूसला कळलं की या घरात ओरडून काही मिळत नाही, बसून मिळतं. हात वर गेला की तो श्वास धरायचा, पाणी फिरलं की कान पुढे, आणि चार शितं मांडून हात बाजूला गेला की जीभ. एरवी पाच जणांना आडवा करणारा तो ठोंब्या त्या एवढ्या वेळात देवळातल्या कासवासारखा बसायचा. फक्त लाळ. चौथ्या प्रकारची. फरशीवर दोन डबकी. बाबा जेवून उठले की मी पुसायचे आणि मनात म्हणायचे, देवा, याची लाळ तेवढी आटव, बाकी काही मागत नाही.

देवाने ऐकलं. म्हणून सांगते, मागताना जपून मागावं.

झालं असं की आमच्या सोसायटीची आषाढातली सत्यनारायणाची पूजा. गच्चीवर मांडव, खाली जिन्यापाशी आचाऱ्याने केलेल्या शिऱ्याचं भलंमोठं पातेलं झाकून ठेवलेलं, सव्वापटीतला साजूक तुपातला, केळं घातलेला शिरा. मी दार नीट लावलं होतं, असं मी आजही म्हणते. पोथीचा तिसरा अध्याय चालू असताना खालून पातेलं पालथं पडल्याचा जो आवाज आला तो थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेला असेल. आम्ही धावत आलो तर हापूस पातेल्याच्या आत. बाहेर फक्त शेपूट. ते हलतंय. आणि बाहेर काढल्यावर त्याने एकदा आम्हा सगळ्यांकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि भाविकांनी ओळीने काढून ठेवलेल्या चपलांवर, एकही न वगळता, तो शिरा परत केला. सेक्रेटरी परबकाकांची कोल्हापुरी नवी होती. तिच्यातलं केळं ओळखू येत होतं.

"वहिनी," परबकाका म्हणाले. आवाज अगदी मऊ, आणि परबकाकांचा आवाज मऊ झाला की इमारतीतलं कुणीतरी हमखास रडायचं. "वहिनी, हे कुटुंबात ठेवण्याचं जनावर नाही. तुम्हाला काही वाटत नाही, पण आम्हाला शिसारी येते हो."

आईचा चेहरा मी विसरणार नाही. ती बाई अशी की पाव आणला तरी कागद काढून डब्यात ठेवताना दोनदा हात धुवायची. तिला चारचौघांत 'तुम्हाला काही वाटत नाही' म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. घरात येऊन तिने दार लावलं आणि ती तिच्या माहेरच्या बोलीत सुरू झाली, हे लक्षण वाईट. "माका कोणी काय सांगूचा नाय आता! गोखिवऱ्याक माझ्या भावाच्या कारखान्यात जागा आसा. थय साखळीक बांधून टाका." तिच्या भावाचं, म्हणजे आमच्या नानामामाचं, गोखिवऱ्याला ग्रिलं आणि शटर बनवायचं वर्कशॉप होतं. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या, कापायच्या यंत्राची किंचाळी, आणि फाटकापाशी लोखंडी खुंटा. आधीचा कुत्रा मेल्यापासून तो खुंटा रिकामा होता. मामा येताजाता विचारायचाच, "काय गो ताई, देतस काय तुझो आंबो?"

त्या रात्री बाबांनी पाणी फिरवलं, शितं मांडली आणि ताट तसंच ठेवून उठले. आई नरमली ती तेवढ्यापुरती. "गणपतीपर्यंत बघते," ती म्हणाली. "दीड दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. त्या दीड दिवसात हा माणसासारखा बसला तर राहील. घोटाळा केलान, तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गोखिवरे. मग माझ्याकडे कुणी तोंड वाईट करून बघायचं नाही."

आणि परबकाकांनीच तोडगा आणला. पापडीला एका वाडीत एक 'कमांडर सर' होते. वाडी त्यांची नव्हे, भाड्याची. ते मुंबईहून आलेले. मिशा अशा की टोकांना कपडे अडकवावेत. कुठल्या सैन्याचे कमांडर ते कुणी विचारलं नाही. मला पुढे कळलं की एका मोठ्या दुकानाच्या रखवालदारांवर देखरेख करायचे. ते म्हणे लॅब्रेडॉर आणि कसलेही कुत्रे तीन आठवड्यांत 'घरंदाज' करून देतात. परबकाकांच्या साडूच्या कुत्र्याचं त्यांनी सोनं केलं होतं. हापूसला रिक्षात कोंबून मी आणि आई त्याला तिथे सोडून आलो. घरी येऊन मी उशीचा अभ्रा बदलला, आडवी झाले आणि समाधानाने उसासा टाकला, अगदी त्याच्यासारखा.

मधल्या रविवारी 'पालकभेट' होती. काय शब्द आहे, पालकभेट! बाबा कचेरीचा शर्ट घालून आले. केळी, नारळ, विहीर, शेजारच्या वाडीतून येणारा सोनचाफ्याचा वास, आणि त्या सावलीत ओळीने पसरलेली डझनभर लॅब्रेडॉर. काळी, पिवळी, चॉकलेटी. इतकी शांत की मला वाटलं पोती आहेत. हापूस शेवटी होता. बाबांनी हाक मारली तर त्याने डोळे फिरवले, मान नाही. "त्याला आता कळतं, परवानगीशिवाय हलायचं नाही," कमांडर सर म्हणाले. मग त्यांनी खेळ दाखवला. प्रत्येकाच्या नाकासमोर शिजलेल्या मटणाचा तुकडा ठेवला, आणि मध्ये उभं राहून उजवा हात वर केला, पंजा उघडा. डझनभर कुत्री जमिनीला चिकटली. एकाचंही नाक हललं नाही. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आईने तर सर्वांत जोरात. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "आमच्या मुलांना पण घेता का हो सर?" सगळे हसले. मी पण. बाबा त्या वर गेलेल्या पंजाकडे बघत होते.

मला मात्र तिथे काहीतरी कमी वाटत होतं आणि काय ते कळेना. परत येताना रिक्षा पापडीच्या चर्चवरून वळली तेव्हा लक्षात आलं. तिथे कुत्र्यांचा वास नव्हता. डझनभर लॅब्रेडॉर, समोर मटण, आणि जमीन कोरडी. लाळेचा एक थेंब नाही.

तीन आठवड्यांनी हापूस घरी आला आणि आमच्या घराचं देऊळ झालं. दारात आला, पायपुसण्यावर उभा राहिला, आत ये म्हटल्यावर आत आला, कोपऱ्यात बसला. केससुद्धा गळायचे थांबले, असं मला वाटलं. माझी उशी माझी झाली. परबकाका मुद्दाम चहाला आले, त्यांच्या चपला मुद्दाम दारात काढल्या, आणि त्या तशाच राहिल्या. "बघा वहिनी! याला म्हणतात शिस्त." आईने त्यांना दोनदा पोहे वाढले. मला खरं तर नाचायला हवं होतं. देवाने माझं ऐकलं होतं.

बुधवार होता. आई बोंबील तळत होती; ओले, रव्यातले. उलथन्यावरून एक निसटला आणि सरळ हापूसच्या पुढच्या पायांच्या मधोमध पडला. गरम, चुरचुरीत, अख्खा बोंबील. आई आणि मी दोघी थांबलो. सवयीने मी पोछ्याकडे हात नेला. हापूसने बोंबलाकडे पाहिलंच नाही. तो भिंतीकडे बघत होता. "बघ, किती गुणाचा झालाय," आई म्हणाली, पण तिचा आवाज बारीक होता. ज्या प्राण्याने पेटीच्या फळ्या खाल्ल्या त्याच्या पायात बोंबील गार होत पडलाय, आणि तो भिंतीकडे बघतोय. मी तो बोंबील उचलून त्याच्या नाकाला लावला. त्याने तोंड मिटून घेतलं, माणसाचं मूल औषधाला मिटतं तसं. त्या घरात इतकी वर्षं मी इतकी घाण पुसली, पण अशी शिसारी मला कधी आली नव्हती.

रात्री बाबा पाटावर बसले. हापूस समोर. तळव्यात पाणी घेऊन बाबांनी उजवा हात ताटावर उचलला, रोजच्यासारखा. हापूस जमिनीला चिकटला. कान मागे, डोळे घट्ट मिटलेले, आणि त्याच्या खालून लघवीचा ओघळ निघाला आणि फरशीवरून बाबांच्या पाटाखाली गेला.

बाबांचा हात तसाच वर. तळव्यातलं पाणी बोटांमधून गळून ताटात पडत होतं. वाडीतल्या त्या उघड्या पंजाखाली काय घडत असेल ते कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. जेवण समोर ठेवायचं, हात उचलायचा, आणि जो हलला त्याच्यावर तो उतरवायचा. इतकं सोपं शास्त्र. आणि आम्ही टाळ्या वाजवून आलो होतो. आजही कुणी मला मोबाइलवर त्या चित्रफिती दाखवतं ना, नाकावर बिस्किट ठेवून बसलेला कुत्रा आणि खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस, मी आधी त्याच्या जबड्याकडे बघते. ओला असेल तर ठीक. कोरडा असेल तर फोन परत देते.

बाबांनी हात खाली घेतला. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. ओल्या पाटावरच बसून राहिले. मग त्यांनी तांब्यात एक बोट बुडवलं आणि हात जमिनीवरून अजिबात न उचलता, नकाशावर वर्तुळ काढावं तसं, ओल्या बोटाने फरशीवर ताटाभोवती सावकाश गोल काढला. चार शितं पुढे सरकवली आणि हात पाठीमागे बांधला. हापूसने डोळे उघडले नाहीत. बाबा थांबले. आमटी गार झाली. आईने भांडी आपटली नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात पाणी हवेतून फिरायचं थांबलं. बाबांच्या वडिलांची शिस्त बाबांनी मोडली. हात वर न्यायचा नाही म्हणजे नाही. एवढंच काय, घरात कुणीच हात वर करायचा नाही असा नियम झाला. पंख्याची धूळ काढायची तर हापूसला आधी गॅलरीत न्यायचं. मी केस बांधायचे ते न्हाणीघरात. आई म्हणायची, "अहो, गप्प आहे तर राहू दे की गप्प. गणपती तोंडावर आलेत. उगाच जुनं भूत कशाला उठवता?" आणि बाबा ओलं बोट फिरवत म्हणायचे, "गप्प आणि शांत यात फरक आहे." आठवड्यात त्यांचं हे दुसरं वाक्य. घरात खरोखरच काहीतरी बिघडलं होतं.

आधी त्याने डोळे उघडे ठेवले. मग एकदा नाक हललं. मग शितं चाटली, पण बाबा झोपायला गेल्यावर, चोरासारखी. आणि गणपतीला अगदी थोडे दिवस राहिले असताना, काळ्या वाटाण्याची आमटी होती, बाबा मला हाक मारत ओरडले, "शितू! ये, लवकर ये!" मी पोछा घेऊन धावले, म्हटलं परत ओघळ. तर बाबा पाटावर मांडी घालून, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखे, हापूसच्या जबड्याकडे बोट दाखवतायत, खालूनच. डाव्या बाजूला एक तार. बारीक, थरथरती, लांब होत होत फरशीला लागली. "उजवीकडे पण येईल," बाबा म्हणाले. किळसवाणं दृश्य. मी पोछा दारामागे ठेवून दिला आणि ते डबकं वाळेपर्यंत पुसलं नाही.

चतुर्थीला घर भरलं. हॉलमध्ये टेबलावर गणपती, त्याच्यापुढे खाली पाटावर केळीचं पान, पानावर आईचे एकवीस उकडीचे मोदक, वरून तुपाची धार. नानामामा गोखिवऱ्याहून आला होता; येताना, मी पाहिलं, त्याच्या स्कूटरच्या डिकीत नवी साखळी होती. परबकाका आले आणि सोबत कमांडर सरांना घेऊन आले, त्यांची कारागिरी लोकांना दाखवायला. सर भिंतीला टेकून उभे. हापूस त्यांना बघून टेबलाखाली सरकला आणि तिथे चार पाय पोटाखाली घेऊन बसला.

आरती झाली. झांजा, टाळ, मामाचा बेसूर आवाज, चाळीस माणसांचा टाळ्यांचा कल्लोळ त्या एवढ्याशा हॉलमध्ये. आई आरतीच्या तबकामागून सारखी टेबलाखाली बघत होती. हापूस हलला नाही. धूप झाला, कापूर झाला, हापूस तिथेच. परबकाकांनी सरांना कोपराने डिवचलं. सरांनी मिशी ओढली. आणि मला टेबलाखाली दिसलं, दोन तारा. डावीकडे एक, उजवीकडे एक, सारख्या लांबीच्या.

"नैवेद्य दाखवा," आई म्हणाली. बाबा पाटापुढे बसले. आणि महिनाभराची सवय ती. त्यांनी पळीतलं पाणी हातात घेऊन वरून फिरवायचं सोडून, तांब्यात बोट बुडवलं आणि मोदकांच्या पानाभोवती फरशीवरून सावकाश गोल काढला. डोळे मिटून हात जोडले. मग हात मागे बांधला.

हापूस उठला. घाई नाही, झेप नाही. टेबलाखालून बाहेर आला, पाटापाशी आला, आणि त्याने मोदक खाल्ले. एकवीसच्या एकवीस, देवासमोर, चाळीस माणसांसमोर. तोंडाचा आवाज एवढा की बाहेर जिन्यावरच्या माणसांनी विचारलं आरती परत सुरू झाली का. मोदक संपल्यावर त्याने पान खाल्लं.

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मामा स्कूटरची चावी शोधायला लागला. "बिघडवलंत माझं काम!" कमांडर सर गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा. हापूस जमिनीला चिकटला, मिशीला तूप लागलेलं, डोळे मिटलेले.

आणि आईने तो हात मनगटाशी धरला. तिच्या नऊवारीच्या ओच्यात अजून मोदकाची उकड चिकटलेली. "हात खाली," ती म्हणाली.

"वहिनी, हा देवाच्या पानात..."

"हात खाली करा आधी. माझ्या घरात हात वर करायचा नाही." हात खाली आला. मग ती परबकाकांकडे वळली. "पाणी फिरवून झालं होतं. देवाला दाखवून झालं होतं. त्यानंतर तो नैवेद्य नाही, प्रसाद आहे. पाणी फिरेपर्यंत तो हलला का? सांगा. एवढ्या आरतीत हलला? गेल्या वर्षी तुम्ही स्वतः आरती संपायच्या आधी पेढा उचललात परबभावजी, मी काही बोलले नाही."

चाळीस माणसांत एक माणूस हसला आणि तो नानामामा होता. "ताई, मग साखळी परत नेऊ?" तो म्हणाला.

"ने. आणि वाटेत या सरांना सोड पापडीला."

दर्शनाला आलेल्यांना आईने त्या दिवशी साखरफुटाणे वाटले. पाहुणे पांगल्यावर हापूस दारापर्यंत गेला, वळून आम्हा तिघांकडे कृतज्ञतेने पाहिलं, आणि पायपुसण्यावर सगळं परत केलं. बरेचसे मोदक कळ्यांसकट शाबूत होते. मी नाक दाबून पोछा आणायला वळले, पण आईने तो माझ्या हातातून घेतला. पदर खोचून खाली बसली आणि पुसता पुसता त्याला म्हणाली, "मेल्या, उकडीचे होते. चावायचे तरी."

तिच्या खांद्यावरून त्याची लाळ नऊवारीवर उतरत होती. तिने ती झटकली नाही.